कोरी जागा

पट्टी नळीत उभी केली की दहा मिनिटं.
तेवढ्यात मी दुसऱ्या कुणाचं तरी हिमोग्लोबिन बघते,
जनरेटरला डिझेल आहे का विचारून येते,
खिडकीतून खाली बघते:
एप्रिल, मोंगूची टेकडी,
आणि टेकडी संपते तिथून आभाळापर्यंत पाणी.

नमुना क्रमांक एकशे चौदा.
वामुन्यिमा लिकान्दो, वय चौतीस, मासे धरतो.
तीन आठवडे डोकं दुखतंय, उजेड सोसत नाही,
बायकोला आईच्या नावानं हाक मारतो.
त्याच्या मणक्यातून काढलेलं पाणी
हातात धरलं तर साधं, पिण्याइतकं नितळ.

एक रेघ उमटली. वरची.
पट्टी ठीक आहे एवढंच ती सांगते, सगळ्यांनाच येते.
खालची जागा कोरी.
मी वहीत लिहिलं: बुरशी नाही.
दोन शब्द आणि सही.
टीबीच्या गोळ्या घेऊन, बायकोच्या खांद्यावर हात टाकून
तो उतार उतरला. होडी सुटली.

संध्याकाळी आकापेल्वा आले.
सहा वर्षं झाली निवृत्त होऊन, तरी येतात,
म्हणतात चहासाठी, बसतात मायक्रोस्कोपपाशी.
खिशात शाईची बाटली. फ्रिज उघडून विचारलं, हे कुणाचं?
थेंबभर पाणी, थेंबभर शाई, वर काच.
"ये, बघ."

काळोखात गोल उजेड, उजेडाला उजेड चिकटलेला,
रात्री मासेमारीला गेलेल्या होड्यांचे कंदील असावेत तसे.
मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

मी म्हटलं, पट्टी तर कोरी होती.
कंपनीच्या कागदावर तर
काळ्या दगडावरची रेघ असल्यासारखं लिहिलंय.
ते म्हणाले, "पातळ कर."
एकाला शंभर. नवी पट्टी.
दहा मिनिटंही लागली नाहीत.
खालची रेघ आली,
जाड, लाल, निर्लज्ज.

का, ते त्यांनी बशीत चहा ओतता ओतता सांगितलं.
पूर येतो तेव्हा काठावर हात द्यायला चार माणसं,
होड्या वल्हवणारे चार.
लोक थोडे असले तर होडीतला एक हात, काठावरचा एक हात,
मध्ये माणूस, झाली साखळी.
पण लोंढाच आला तर?
काठावरच्यांना आधीच कुणीतरी घट्ट धरलेलं,
होडीवाल्यांनाही धरलेलं,
कुणाचा हात कुणाला मोकळा नाही.
सगळे वाहत पुढे जातात
आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं,
इथे कुणी आलंच नव्हतं.

अति तेथे माती, ठीक.
अति तेथे कोरी पट्टी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी पुन्हा खिडकीशी गेले.
या दिवसांत इथल्या कुठल्याही पोराला विचारा
झांबेझी कुठे आहे,
तो सगळीकडे हात फिरवतो.
जुलैत, पाणी उतरल्यावर,
एका बोटानं दाखवतो.

रात्रीच निरोप धाडला. पण होडीच्या गावाला
निरोपही होडीनंच जातो.
चौथ्या दिवशी ते परत आले.
औषध सुरू झालं, मणक्यातून पुन्हा पाणी काढलं,
डोकं थोडं उतरलं.
मी खाटेशी उभी राहून नाव विचारलं
तेव्हा तो माझ्याकडे नाही,
माझ्या आवाजाकडे बघत होता.

त्याच्या बायकोनं, नामाकाऊनं, बाहेर मला गाठलं.
"तुम्ही नाही म्हणाला होता."
मी सांगितलं. होड्या, हात, सगळं,
आकापेल्वांच्या शब्दांत, कारण माझ्याकडे माझे नव्हते.
तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"म्हणजे त्याला थोडंच झालं असतं
तर तुम्हाला दिसलं असतं."

हो, मी म्हटलं.

वहीतलं ते पान मी खोडलं नाही.
शेजारी समासात लिहिलंय: पातळ करून पाहिलं.
आता दर कोऱ्या पट्टीनंतर लिहिते.
पट्ट्या महिनाअखेरीला कमी पडतात,
भांडारवाला विचारतो, एका माणसाला दोन का?